खडकाचं बारसं

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, पैज लावून सांगतो. आमच्या घरात कुणाचा बसला नाही, तर तुम्ही कोण लागून गेलात! पण दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर, जिथे माणूस राहत नाही, गवताची काडी उगवत नाही आणि पोस्टमन तर मुळीच फिरकत नाही, अशा समुद्रात एक काळाकभिन्न खडक उभा आहे. त्या खडकाचं बारसं आपल्या पद्धतीने झालं. कुर्र्र करून. आणि ते लावून दिलं ह्या हेमचंद्राने.

आता मी कोण? ऑस्ट्रेलियात, डार्विन बंदरात समुद्राची खोली मोजण्यात माझी सारी नोकरी गेली. बोटीतून आवाज खाली सोडायचा, तो तळावर आपटून परत यायची वाट बघायची, आणि त्यावरून सांगायचं की इथे पाणी इतकं खोल आहे. थोडक्यात, जे कुणालाच दिसत नाही त्याबद्दल ठाम बोलायचं आणि कॅप्टनांनी आपल्यावर जहाजं सोपवायची. माझ्या शब्दावर एकही जहाज कधी बुडालं नाही. त्यामुळे ठाम बोलायची सवय लागली ती लागलीच.

ही गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती क्वीन्सलँडमधल्या टूवूंबाला, माझ्या नातीच्या बारशाच्या दिवशी. सांगायची वेळ का आली, ते आधी ऐका.

रुद्र, माझा मुलगा, टूवूंबाच्या हॉस्पिटलात डॉक्टर. त्याला आणि ईशानीला लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी मुलगी झाली. बारशाला नाव ठेवायचं ते आत्याने, आणि तिला आत्या एकच: माझी नुपूर. नुपूर सिडनीला, पॅरामॅटात, सरकारी ऑफिसात. तिने नाव ठरवून ठेवलं होतं आणि कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. सुनीतीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, जुन्या पैठणीच्या काठाची कुंची हाताने शिवून तिने पोस्टाने पाठवली होती. विमानाचं तिकीट काढलं होतं. आणि नेमका सिडनीला लॉकडाउन लागला, क्वीन्सलँडची सीमा बंद झाली. फोनवर ती मला म्हणाली, "बाबा, मला शेजारच्या सबर्बमध्ये भाजी आणायला जाता येत नाही, टूवूंबाचं काय घेऊन बसलात!" हसत म्हणाली. पण माझी पोरगी कुठल्या खोलीवरून हसते, ते मला मोजता येतं.

तर बारशाच्या दिवशी टीव्हीवर दोन चौकटी होत्या. एका चौकटीत नुपूर, मोरपंखी साडी नेसून, अंबाडा घालून, मागे भिंतीला ऑफिसचा मॉनिटर. दुसऱ्या चौकटीत पुण्याहून ईशानीची आई शोभाताई आणि त्यांच्या शेजारी त्यांची नणंद सरिता, म्हणजे ईशानीची स्वतःची आत्या. घरात आम्ही चौघं, पाळण्यात बाळ आणि ईशानीची मैत्रीण लता. लता आली होती घुगऱ्या करायला. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

वरवंटा मात्र घरात नव्हता. सगळं मिक्सरमध्ये. बारशाला आधी वरवंट्याला टोपडं घालतात, त्याला गोप्या म्हणतात, आणि बाळाच्या आधी तो पाळण्याच्या वरून खाली, खालून वर असा फिरतो. रुद्रने थाई दुकानातून दगडी खलबत्ता आणला होता, त्यातला बत्ता घेतला. नातीचं टोपडं घालून तो टीपॉयवर ठेवला तर इतका रुबाबदार दिसायला लागला की सुनीतीने त्यालाही काजळाची तीट लावली.

"शोभाताई, दिसतोय का आमचा गोप्या?" मी विचारलं.

"दिसतोय. तुमच्यावर गेलाय," शोभाताई म्हणाल्या. विहीणबाई अशा आहेत. मला आवडतात.

मग गाडी मुद्द्यावर आली. नुपूर म्हणाली, "वहिनी, मी दादाच्या फोनवर कॉल करते. तू फोन बाळाच्या कानाशी धर. स्पीकर नको. मी हळूच सांगते."

शोभाताई म्हणाल्या, "नाही गं, नुपूर. असं नाही चालत."

"का, काकू?"

"आत्याने बाळाच्या कानाला तोंड लावून नाव सांगायचं असतं. तिचा श्वास लागला पाहिजे कानाला. मशीनमधून काय, बँकवालेसुद्धा फोन करतात. म्हणून मी लताशी बोलून ठेवलंय. लता तिथे आहे, ती मानलेली आत्या होईल. तू तिला नाव कळव, ती कानात सांगेल."

लता बिचारी घुगऱ्यांचा डाव हातात घेऊन उभी. तिला म्हणे फक्त 'वेळ पडली तर' असं सांगितलं होतं.

ईशानी म्हणाली, "आई, तू मला विचारायचं तरी."

"काय विचारायचं?" शोभाताईंचा आवाज एकदम चिरकला. "माझ्या एकुलत्या एका लेकीचं बाळंतपण, आणि मी इथे पुण्यात बसून स्क्रीनवर बघितलं. डिंकाचे लाडू केले ते आम्हीच खाल्ले. मला तिकडे येऊ दिलं नाही कुणी. आता बारसं तरी रीतीने होऊ दे! एवढंच मागतेय मी."

बाई चुकीचं बोलत नव्हती, हीच पंचाईत. नुपूर म्हणाली, "इट्स ओके, काकू. नो वरीज. लता, मी तुला नाव मेसेज करते." आणि तिने कॅमेरा बंद केला. मोरपंखी साडी गेली, अंबाडा गेला, काळ्या चौकटीत नुसतं पांढऱ्या अक्षरात नाव राहिलं.

मी काळं पाणी आयुष्यभर पाहिलंय, पण ती चौकट मला बघवेना. पोरगी आत्या व्हायला इतकी वर्षं थांबली, आणि आता तिने मेसेज करायचा?

म्हणून मी गोप्या उचलून मांडीवर घेतला आणि म्हणालो, "शोभाताई, मशीनमधून ठेवलेलं नाव टिकतं. साऱ्या जगाने मानलेलं एक नाव असंच ठेवलेलं आहे. मी होतो तिथे."

"कुठे?"

"दक्षिण समुद्रात. गेल्या वर्षी."

सुनीतीने तोंड उघडलं. गेल्या वर्षी ती इथे रुद्रकडे होती आणि मी डार्विनला एकटा, त्यामुळे तिला काही ठोस म्हणता येईना. तिने माझ्याकडे बघितलं, काळ्या चौकटीकडे बघितलं, आणि घुगऱ्यांत खोबरं घालायला घेतलं. अशी बायको मिळायला नशीब लागतं.

"एक जहाज होतं," मी म्हणालो. "होबार्टहून निघणारं, शास्त्रज्ञांचं. त्यांचा खोली मोजणारा माणूस तापाने पडला. कोविडचे दिवस, दुसरा मिळेना. शेवटी कुणीतरी म्हणालं, डार्विनला एक म्हातारा आहे, त्याला समुद्र खोटं सांगत नाही. मला बोलावणं आलं."

"कोविडमध्ये? ह्या वयात?" रुद्र म्हणाला. डॉक्टर झाला म्हणून काय झालं, बापाच्या गोष्टीत मध्ये बोलू नये एवढं कळायला हवं.

"निघालो. आणि आम्ही समुद्रात असतानाच जग बंद झालं. ह्या बंदराला विचारलं, नको. त्या बंदराला विचारलं, येऊ नका. मग कॅप्टन म्हणाला, जिथे कुणीच नाही तिथे जाऊ. दक्षिणेकडे वळलो. अख्ख्या पृथ्वीवर तेव्हा तेवढीच जागा होती जिथे मास्क नव्हता. पेंग्विन तर एकमेकांना चिकटून असे उभे, कुणी त्यांना दीड मीटर सांगायला जावं!"

सरिता हसली. पुण्याची एक बाजू माझ्याकडे आली.

"आता नकाशाची गंमत सांगतो. ही थाप नव्हे, कुठल्याही खलाशाला विचारा. समुद्राच्या नकाशावर काही खडक असे असतात की शंभरेक वर्षांपूर्वी कुणाला तरी धुक्यात दिसले, पुन्हा कुणाला सापडले नाहीत. ते पुसत नाहीत. न जाणो, खरंच असला आणि जहाज आपटलं तर! मग त्याच्याशेजारी बारीक अक्षरात लिहून ठेवतात, 'अस्तित्व शंकास्पद'. असा एक ठिपका आमच्या वाटेत होता. बिचारा एवढी वर्षं शंकास्पद म्हणून उभा. नाव नाही, गाव नाही."

"मग?" लताने विचारलं. डाव तिने खाली ठेवला होता.

"मग माझ्या यंत्रात तळ वर यायला लागला. एका बाजूला पाणी इतकं खोल की आवाज खाली गेला तो मी चहा करून आणला तरी परत येईना. आणि दुसऱ्या बाजूला उथळ, पायऱ्या-पायऱ्यांनी वर. मी ओरडलो, जहाज थांबवा! धुकं बाजूला झालं आणि समोर हा उभा."

आणि मग मी त्यांना खडक दाखवला. काय सांगू तुम्हाला, मी त्या दिवशी असा रंगात आलो होतो की मलाच तो दिसत होता. बसलेल्या म्हशीएवढा नव्हे, म्हशींच्या अख्ख्या गोठ्याएवढा. काळा. पश्चिमेची बाजू भिंतीसारखी सरळ, कारण तिकडून येणाऱ्या लाटांना अर्ध्या पृथ्वीवर अडवायला कुणीच नाही; सगळ्या येऊन ह्याच्याच छातीवर फुटतात. पूर्वेची बाजू उतरती, तिच्यावर नारिंगी दगडफूल आणि पक्ष्यांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ, जणू कुणी भस्माचे पट्टे ओढलेत. माती चिमूटभर नाही. गोडं पाणी थेंबभर नाही. चढायला वाट नाही, उतरायला जागा नाही, कुणाच्या काही उपयोगाचा नाही. तरी उभा! कुणी बघायला नाही, कुणी शाबास म्हणायला नाही, आणि पठ्ठ्या छाती काढून उभा. मी त्याला हात जोडले.

"नमस्कार केलात?" सुनीती म्हणाली.

"केला. ज्याने आयुष्यभर तळ मोजले, त्याला वर आलेला तळ दिसला की हात जुळतात."

हे वाक्य झालं चांगलं.

"आता आला नावाचा प्रश्न. अशा जागांना कुणीही उठून नाव देत नाही, शोभाताई. समिती असते, तिच्याकडे नाव पाठवावं लागतं. जहाजावर ही भांडणं! स्वयंपाक्याला त्याच्या कुत्र्याचं नाव द्यायचं. शास्त्रज्ञाला त्याच्या प्रोफेसरचं. इंजिनियर म्हणे, माझी बायको घटस्फोट मागतेय, तिचं नाव ठेवू, विरघळेल. कॅप्टन डंकन म्हणाला, पहिल्यांदा मी पाहिला, मी ठेवणार. मी म्हणालो, थांबा. तुम्ही पहिल्यांदा पाहिलात म्हणजे तुम्ही बाप. आमच्याकडे बापाला नाव ठेवता येत नाही. आईलाही नाही. नाव ठेवते बापाची बहीण. तुम्हाला बहीण आहे का?"

"होती का?" हे शोभाताईंनी विचारलं. मी मनात म्हटलं, लागली गळाला.

"होती. हेदर नावाची. टास्मानियात, एका छोट्या गावात, एकटी. तिच्या गावात लॉकडाउन. भाऊ समुद्रावर अडकलेला. कुणी येत नाही, जात नाही. कॅप्टनने सॅटेलाइट फोन लावला आणि सांगितलं, हेदर, तू आत्या झालीस. ती म्हणाली, कुणाची? हा म्हणाला, खडकाची. बाई आधी हसली. मग रडली. म्हणाली, किती महिन्यांत मला कुणी काही व्हायला सांगितलं नाही."

टीव्हीवर नुपूरची चौकट काळीच होती. पण ती म्यूट केलेली नव्हती. एवढं मी बघून ठेवलं होतं.

"पण इंजिनियर आडवा आला," मी म्हणालो. "अगदी तुमच्यासारखाच, शोभाताई. म्हणाला, ती तिकडे, खडक इकडे, मशीनमधून नाव कसं ठेवणार? आणि खडकाला कान कुठे असतो? मी म्हणालो, अरे, आमच्याकडे माणसाच्या पोराआधी दगडालाच बाळ म्हणतात! त्याला टोपडं घालतात, काजळ लावतात, पाळण्याखालून फिरवतात. दगडाचं कौतुक आम्हाला तू शिकवतोस?" आणि मी गोप्याला उंच धरला. "साऱ्या दुनियेत खडकाचं बारसं करायचा हक्क कुणाला असेल तर तो आपल्याला. आपला सराव आहे!"

"हे मात्र खरं," सरिता म्हणाली.

"तू गप्प बस," शोभाताई म्हणाल्या. पण पुढे सरकल्या. त्यांची चौकट आता सगळी चष्म्याने भरली होती.

"रात्रीची जेवणं उरकली आणि आम्ही रबरी होडी खाली सोडली. एप्रिल महिना, डोक्यावर असं रखरखीत ऊन, खडकावरचा बर्फ टपटप गळतोय, आम्ही कोट काढून होडीत बसलो. मी, कॅप्टन, इंजिनियर. खडकाच्या उतरत्या अंगाला एक भेग आहे. लाट तिच्यात शिरते आणि जरा थांबून बाहेर येते, ऐकून घेतल्यासारखी. मी म्हणालो, हाच कान. वल्ह्याच्या टोकाला फोन बांधला. वल्हं मी धरलं. होडी वरखाली, लाट तोंडावर, एक सील बाजूला डोकं काढून बघतोय. कॅप्टन म्हणाला, हेदर, नाऊ! मी तिला सगळं शिकवून ठेवलं होतं. पलीकडे बाई क्षणभर थांबली. मी फोन भेगेत सरकवला. आणि त्या एवढ्या समुद्रात, एवढ्या वाऱ्यात, टास्मानियातून आवाज आला..."

इथे मी थांबलो. कुठे थांबायचं हे मला कळतं.

"कुर्र्र..."

मी नव्हतं केलं. आवाज खोलीतच आला, पण बारीक, मांजरीच्या गुरगुरीएवढा. वळून बघतो तर ईशानी पाळण्यावर वाकलेली, रुद्रचा फोन तिच्या हातात, बाळाच्या कानाला लावलेला. तिने तो कधी घेतला, कधी लावला, मला पत्ता नाही. रुद्रला होता, कारण तो छताकडे बघत होता. बाळ मूठ चोखत होतं, ते थांबलं. डोळे मोठे केले. फोनमधून काहीतरी पुटपुटलं गेलं, ते फक्त तिला ऐकू गेलं, आणि तिने ते असं ऐकलं, असं ऐकलं म्हणून सांगू! बंदरातल्या मोठमोठ्या अधिकाऱ्यांनी माझं कधी इतकं लक्ष देऊन ऐकलं नाही.

मग टीव्हीवरची काळी चौकट उजळली. मोरपंखी साडी, सुटलेला अंबाडा, गालावर ओघळलेलं काजळ, आणि माझी नुपूर ताठ बसून, साऱ्या पॅरामॅटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रेवा! बाळाचं नाव रेवा!"

आता आत्याने नाव उच्चारलं की बायका तिच्या पाठीत धपके घालतात, हे काय मी सांगायला हवं? इथे आत्या सिडनीला. सुनीतीने जवळची पाठ पाहिली, ती माझी होती. आत्याच्या वाटणीचे सगळे धपके मला पडले, वर लताने दोन घातले. आणि तेवढ्यात पुण्याहून धप्पकन आवाज आला. शोभाताईंचा हात सरिताच्या पाठीत बसला होता.

"अगं वहिनी!" सरिता कळवळली. "मी नाही, ती तिकडची आत्या!"

शोभाताई आपल्या हाताकडे बघत राहिल्या. जणू तो त्यांना न विचारता गेला होता.

"आता कशाला बघतेस?" सरिता म्हणाली. "हात उठला तुझा. झालं बारसं."

"आई?" ईशानी म्हणाली. फोन अजून तिने खाली ठेवला नव्हता.

नुपूरने पदराने गाल पुसला. ती पुण्याच्या चौकटीकडे बघत होती. ते मला कळलं, कारण सगळेच तिकडे बघत होते. मी आयुष्यात पुष्कळ वेळा आवाज खाली सोडून वाट बघितली, पण ही वाट लांब होती.

शोभाताईंनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग माझ्याकडे रोखून बघितलं.

"हेमचंद्रराव, खडकाचं नाव काय ठेवलं?"

"गोप्या," मी छाती काढून म्हणालो. "गोप्या रॉक. समितीने मान्य केलं. नकाशावरचं 'शंकास्पद' पुसलं."

"आणि महिना कुठला म्हणालात?"

"एप्रिल. भर उन्हाळा."

"भर उन्हाळा," शोभाताई म्हणाल्या. त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "ईशानी तिकडे गेल्यापासून दर वर्षी एप्रिल आला की मी तिला स्वेटर विणून पाठवते. कारण इथे आमच्या अंगाला घामोळं येतं तेव्हा तिकडे थंडी सुरू होते. टूवूंबाला स्वेटर, आणि ध्रुवाजवळच्या तुमच्या खडकावर रात्रीच्या जेवणानंतर आपल्या पुण्याचं ऊन? थाप! पहिल्यापासून शेवटपर्यंत साफ थाप! रेवा, ए रेवा, फोन कानाला आहे ना तुझ्या? ऐक, मी आजी बोलतेय. तुझे हे आजोबा एक नंबरचे थापाडे आहेत!"